कॅश आउटची आणेवारी

आमच्या घरात एका बटणावरून भांडण झालं. इथे कॅनडात, सरेमधल्या ओळखीच्या घरांत ती गोष्ट अजून फिरते, पण माझे व्याही सांगतात तशी फिरते. त्यांच्या गोष्टीत मी हट्टी म्हातारा असतो आणि ते मला वाचवतात. मी हट्टी आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद भावाचा होता, आणि भावात मी बरोबर होतो. म्हणून मी माझ्या हाताने लिहून ठेवतोय.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण देवगडच्या बाजूला तीस वर्षं मी आंब्याचा धंदा केला, तोही मोहोरावरचा. जानेवारीत कलमं मोहोरली की व्यापारी बागेत शिरतो. फळ अजून धरलेलं नसतं. तो मान वर करून एक फेरी मारतो आणि मालकाला म्हणतो, "आत्ता एवढे घे, पुढचं सगळं माझं." मग मोहोर करपला, तुडतुडा पडला, वाऱ्याने कणीएवढी फळं गळली, तर व्यापारी बुडाला. पीक आलं तर त्याची चांदी. मालकाला मे महिन्याचे पैसे जानेवारीत मिळतात, पण कापून मिळतात. किती कापायचे ही आमची विद्या. आम्ही आणेवारी लावायचो. सोळा आणे म्हणजे पुरं पीक. झाड दहा आण्याचं दिसलं की मनात दहा आणे धरायचे, त्यातला दीड-दोन आणा आपल्या पोटाला ठेवायचा आणि उरलेल्याचा भाव तोंडाने बोलायचा. मालक काही खुळे नसायचे. त्यांना कळायचं. पण कुणाला पावसाच्या आत घराची कौलं बदलायची असायची, कुणाला राखण करायला माणूस नसायचा. ते घ्यायचे.

माझी स्वतःची अकरा कलमं आहेत. ती मात्र मी मोहोरावर कधी दिली नाहीत. बायको गेल्यावर मुलाने मला कॅनडात आणलं आणि झाडं पुतण्याच्या ताब्यात गेली. पुतण्या दर वर्षी विकून झाल्यावर फोन करायचा. "काका, व्यापारी आलेला, देऊन टाकली." भाव ऐकून मला जेवण जात नसे.

दोन हजार अठराच्या जानेवारीत त्याचा फोन मात्र आधी आला. म्हणाला, "काका, असा मोहोर दहा वर्षांत नव्हता. पान दिसत नाही. महिनाअखेरीला व्यापारी येतोय."

मी म्हटलं, "थांब. मी येतो. माझी झाडं माझ्या तोंडाने विकेन नाहीतर ठेवीन."

तो हसला. "काका, तुम्ही दर वर्षी येतो म्हणता."

हे हसणं मला लागलं. रात्रभर नाही लागलं, म्हातारपणी झोप येते, पण सकाळी उठल्यावर पहिलं तेच आठवलं.

आमच्या घरापासून दोन बसस्टॉपवर तिकिटांचं दुकान आहे, तिथल्या पंजाबी बाईने जाऊन-येऊन तेराशे ऐंशी डॉलर सांगितले. माझ्याकडे तेवढे नव्हते. उन्हाळ्यात मी ब्लूबेरी तोडायला जायचो, ते पैसे होते, पण नोव्हेंबरमध्ये मी हट्टाने मुलाच्या गाडीला विंटर टायर घेऊन दिले होते. तो नको म्हणत होता. मी दुकानात सगळ्यांसमोर रोख पैसे काउंटरवर ठेवले आणि म्हटलं, बापाने घेतलेत म्हणून सांग. आता दोन महिन्यांनी त्याच मुलाकडे तिकीट कसं मागायचं? मागितलं असतं तर त्याने त्याच क्षणी दिलं असतं. तीच तर अडचण होती.

आता व्याही. सुनेचे वडील पुण्याला बँकेत ऑफिसर होते, निवृत्त झालेले, थंडीचे महिने काढायला लेकीकडे आले होते. थंडीत थंडी खायला कॅनडात येणारा हा पहिला माणूस मी पाहिला. येताना पाच स्वेटर आणि एक कॅल्क्युलेटर घेऊन आले. फोनमध्ये कॅल्क्युलेटर असतो म्हटलं तर म्हणाले, "तो माझ्या बोटांना ओळखत नाही." मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला आबासाहेब म्हणतात. दिवसभर मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, घरात आम्ही दोघे आणि हीटरचा आवाज.

बेरीच्या शेतातल्या म्हाताऱ्यांनी माझ्या फोनवर क्रिकेटच्या सट्ट्याची साइट टाकून दिली होती. खातं माझ्या नावावर, पण इंग्रजी वाचायला साहेब. मी ग्रोसरीच्या दुकानातून खात्यात पैसे भरायचं पंचवीस डॉलरचं कार्ड आणलं आणि एकाच पावतीवर पाच सामने लावले. पाचही जिंकले तर अठराशे मिळणार, एक जरी गेला तरी शून्य. सगळे न्यूझीलंडमधल्या स्थानिक संघांचे, वीस षटकांचे सामने. साहेबांनी संघांचे तक्ते काढले. मी ज्या बाजूला कुणी विचारत नाही ती बाजू धरली.

"आबासाहेब, यांनी गेले चार सामने हरलेत."

"म्हणून तर स्वस्त आहेत."

एका आठवड्यात चार सामने आले. चारही! साहेब तक्ते घडी करून ठेवून देऊ लागले.

पाचवा सामना एका दुपारी होता. तिकडे उद्याची सकाळ झालेली, इकडे आजचा पाऊस पडतोय. चित्र दिसत नव्हतं, नुसते आकडे बदलत होते. आम्ही जेवणाच्या टेबलावर फोन मधोमध ठेवून बसलो. मी पाहिलं, पावतीच्या खाली एक हिरवं बटण उगवलं होतं. त्यावर सातशे नव्वद.

"हे काय?"

साहेब चष्मा वर करून म्हणाले, "कॅश आउट. सामना संपायची वाट न बघता आत्ता बाहेर पडायचं असेल तर ते तुम्हाला सातशे नव्वद देतात. पुढचं त्यांचं."

मी खुर्चीतून उठलोच. "अहो साहेब, हा तर व्यापारी आहे! हा मोहोरावर घेतोय!"

"म्हणजे?"

मग मी त्यांना अर्धा तास मोहोर शिकवला. सामना बरोबरीचा, म्हणजे आपला माल आठ आण्यांचा. अठराशेचे आठ आणे किती? नऊशे. हा देतोय सातशे नव्वद. म्हणजे आठ आण्यांचा माल सात आण्यांनी मागतोय. साहेबांनी कॅल्क्युलेटरवर बडवून पाहिलं आणि म्हणाले, "बारा टक्के कापतोय."

"आणि पावती घेतानाही त्याने थोडं कापलंच असेल ना?"

"असणारच. त्यांच्या भावात त्यांचा नफा धरलेला असतो."

"म्हणजे घेताना एकदा आणि देताना एकदा. आम्ही एकदाच कापायचो. आम्हाला लोक चोर म्हणायचे!"

मला मनापासून सांगायचं तर त्या बटणाबद्दल थोडा आदर वाटला. न बोलता, विडी न ओढता, मालकाच्या म्हशीची चौकशी न करता तो भाव बोलत होता. आमच्या संघाची फलंदाजी सुरू झाली. चौकार गेला की बटण वर, दोन चेंडू वाया गेले की खाली. दहा आणे माल झाला तेव्हा अकराशे पंचवीस पाहिजेत, तर हा नऊशे नव्वद. बारा आण्यांना साडेतेराशे पाहिजेत, तर अकराशे नव्वद. कधी न्याय्य भाव बोलला असेल तर शपथ. साहेब प्रत्येक वेळी टक्के काढायचे आणि ते प्रत्येक वेळी बारा यायचे, कधी साडेबारा.

मग चोवीस चेंडूंत सव्वीस धावा राहिल्या, सहा गडी हातात. मी म्हटलं, चौदा आणे. बटणावर तेराशे नव्वद.

साहेबांचा आवाज बदलला. "आबासाहेब, तिकीट तेराशे ऐंशी."

"माहीत आहे."

"दाबा."

"चौदा आण्यांचे पंधराशे पंचाहत्तर होतात. हा बारा आण्यांच्या जरा वर देतोय. पंधराशेला आला तर बघू."

"अहो, तो काय येणार आहे? मशीन आहे ते!"

"मशीनला पैसे कुणी दिलेत? माणसानेच ना?"

"तुमचं विमान या आकड्यात उभं आहे, आबासाहेब. दहा डॉलर वर उरतायत."

मी नजर आकड्यावरच ठेवली. पण विमान मला दिसत होतं. पुतण्याचा चेहराही दिसत होता. हात बटणाकडे गेला होता, खोटं कशाला बोलू. पण तीस वर्षांची सवय आहे. मालक जेव्हा अडायचा तेव्हा आम्ही काय करायचो? वाद घालत बसायचो नाही. उठायचो, टोपी झटकायचो आणि "बरं, येतो" म्हणून चालू लागायचो. बागेच्या दगडी गडग्यापर्यंत जायचं. मागून पहिली हाक येते, त्या हाकेला वळायचं नाही. पहिल्या हाकेला वळला तो मेला. दुसऱ्या हाकेला मान वळवायची, तिसऱ्या हाकेला माणूस परत. तोवर भाव सुधारलेला असतो.

मी जाकीट चढवलं.

"कुठे निघालात?"

"कोपऱ्यापर्यंत. त्याला वाटू दे आपल्याला गरज नाही."

"कुणाला वाटू दे?"

"बटणाला. हात लावू नका."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं, ते मी दार ओढून घेताना पाहिलं.

बाहेर सरेचा पाऊस, बारीक आणि चिकट. मी सावकाश चालत होतो, घाई दिसता कामा नये म्हणून. टपालपेटीपाशी पोचलो तेवढ्यात मागून हाक आली, "आबासाहेब!" मी मनात म्हटलं, एक. वळलो नाही. परत हाक आली. मी मान जरा तिरकी केली. साहेब खिडकीत उभे होते, स्वेटरवर स्वेटर, आणि दोन्ही हात हलवत होते. मला वाटलं भाव पंधराशेच्या वर गेला. आता गडबड करायची नाही. मी कोपऱ्यावरच्या घराच्या कुंपणाशी उभा राहून त्यांचं झाड बघू लागलो, जसं काही मला ते विकत घ्यायचंय. तिसरी हाक आली तेव्हा साहेब मोजे घालून अंगणात उतरले होते. शेजारची चिनी बाई पडदा बाजूला करून बघत होती.

"अहो विकेट पडली! या!"

मी आलो. धावत नाही, पण आलो. तोपर्यंत बटण पावतीवरून गेलं होतं. तिथे हिरव्या अक्षरात बाराशे नव्वद लिहिलेलं आणि पुढे काहीतरी इंग्रजी.

"हे काय लिहिलंय?"

साहेब टॉवेलने पाय पुसत होते. वर न बघता म्हणाले, "सेटल्ड."

"म्हणजे?"

"दाबलं मी. विकेट पडली, पाठोपाठ दोन चेंडू निर्धाव. मी तीन हाका मारल्या. आकडा माझ्या डोळ्यांसमोर खाली चालला होता, आबासाहेब. बाराशे एक्क्याण्णव, बाराशे नव्वद... दाबलं."

मी खाली बसलो. मला राग आला तर माझा आवाज बारीक होतो, तो बारीक झाला. "साहेब, माझी बाग तुम्ही कोण विकणार?"

"बाग नाही हो, पावती!"

"तेरा आण्यांचा माल होता. चौदाशे बासष्ट. बाराशे नव्वदला विकलात. मालकाला न विचारता."

"मालक पावसात झाड बघत होता!"

सामना चालूच होता. आता माझे बाराशे नव्वद पक्के होते, संघ जिंको नाहीतर हरो. शहाण्या माणसाने फोन बंद केला असता. आम्ही दोघे वाकून बसलो. मी माझा संघ जिंकावा म्हणून, कारण जिंकला असता तर साहेबांनी माझे पाचशे घालवले हे सिद्ध झालं असतं. साहेब तो हरावा म्हणून. माणूस पाचशे डॉलर बुडावेत म्हणून देवाला हात जोडतो, हे मी त्या दिवशी स्वतःच करून पाहिलं.

संघ चार धावांनी हरला.

साहेब उभे राहिले. "बघा! शून्य झालं असतं! शून्य! बाराशे नव्वद माझ्यामुळे!"

"भाव कमीच होता."

"अहो, हरला संघ!"

"हरला तो नंतर. तुम्ही विकलात तेव्हा तेरा आणे होता. बाग मे महिन्यात गळली म्हणून जानेवारीतला भाव बरोबर ठरत नाही. आणि जिंकला असता तरी कमीच होता."

साहेबांनी कॅल्क्युलेटर खिशात टाकला. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, त्यांना आतून पटलं होतं, हे मला दिसलं. पण कबूल कोण करणार? ते वर त्यांच्या खोलीत गेले.

यानंतर खरी पंचाईत झाली. पैसे साइटवर पडले होते. ते बँकेत आणायचे तर माझ्या नावाचा कागद दाखवून मीच मागायला पाहिजे. आणि मी मागितले म्हणजे विक्री मान्य केली. मी मागेना. तीन दिवस आम्ही एकमेकांशी नातवंडांमार्फत बोललो. "गो टेल युवर आजोबा चहा इज रेडी," असं साहेब सांगायचे, आणि नातू माझ्यासमोर येऊन नुसतं "टी" म्हणायचा.

चौथ्या दिवशी पुतण्याचा फोन. व्यापारी आठ दिवसांनी येतोय. "काका, येताय ना?" या वेळी तो हसला नाही. ते जास्त वाईट होतं.

फोन ठेवला आणि सुनेने मला स्वयंपाकघरात गाठलं. तिला नातवाकडून सगळं कळलं होतं.

"आबा, तुम्ही दोघं दुपारी घरात गॅम्बलिंग करता?"

"मी मोहोर विकत होतो."

"पप्पा! खाली या!" साहेब खाली आले. "पप्पा, तुम्ही आबांच्या अकाउंटला न विचारता हात का लावला? बँकेत असं केलं असतं तर?"

हे लागलं. साहेबांचे कान लाल झाले. "सस्पेंड केलं असतं," ते म्हणाले.

"आणि आबा, तुम्हाला तिकीट पाहिजे होतं तर आम्हाला का नाही सांगितलं? आत्ता बुक करते."

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं. "माझ्या झाडांसाठी जाताना मी कुणाच्या पैशाने जाणार नाही."

ती कपाळाला हात लावून ओट्याला टेकली. मग साहेब खाकरले. "आबासाहेब, परवानगी नव्हती हे मी मान्य करतो. आणि भाव... भाव बारा टक्के कमी होता."

"किती डॉलर?"

"एकशे बहात्तर."

"ते तुम्ही भरायचे. तुम्ही विकलात."

"मी पन्नास देईन. तुम्ही जागेवर नव्हतात, हाही दोष धरा."

आता माणूस समोर होता, बटण नव्हतं. मी ओट्यावरचा पोळ्यांचा फडका उचलला, हातावर टाकला आणि म्हटलं, "द्या हात." आमच्याकडे मोठे सौदे असे व्हायचे, फडक्याखाली बोटं दाबून, म्हणजे बघणाऱ्याला भाव कळत नाही. साहेबांना ते माहीत नव्हतं. त्यांनी मला शेकहँड केला. मी सांगितलं, एक बोट दहाचं, अख्खा पंजा पन्नासचा, दोनदा दाबला की शंभर. त्यांनी पंजा एकदा दाबला. मी तीनदा दाबला. त्यांनी एकदा आणि वर एक बोट. मी मान हलवली. सून पाहत होती, तिला हसू आवरत नव्हतं.

"व्हॉट आर दे डूइंग?" नातवाने विचारलं.

"बिझनेस," ती म्हणाली.

बराच वेळ लागला. साहेबांचे हात मऊ, कागदाचे हात. शेवटी त्यांनी पंजा दोनदा दाबला आणि सोडला नाही. मी फडका काढला. बाराशे नव्वद आणि शंभर, तेराशे नव्वद. साहेबांनी पाकिटातून विसाच्या पाच नोटा मोजून दिल्या, मी परत मोजून घेतल्या, आणि मग साइटवरून पैसे मागायचं बटण मी माझ्या बोटाने दाबलं. पैसे यायला तीन दिवस लागले. आले त्या दिवशी तिकिटाच्या दुकानात साहेब माझ्याबरोबर आले, छत्री धरून.

व्यापारी यायच्या आदल्या संध्याकाळी मी गावात पोचलो. पुतण्याने मोहोराबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. सकाळी व्यापारी आला, तरुण माणूस, हातात फोन. त्याने मान वर करून एक फेरी मारली आणि भाव बोलला. मी तो दीड तासात चार हजारांनी वर नेला. त्याच्यापुढे तो हलेना. मे महिन्यापर्यंत मला राहता येणार नव्हतं, परतीची तारीख तिकिटावर होती, आणि पुतण्या राखण करणारा नव्हे. झाडं मी त्याला दिली.

रात्री साहेबांचा फोन आला. त्यांनी आकडा विचारला, मी सांगितला, पुऱ्या पिकाचे किती आणि त्यात आणे किती धरले तेही सांगितलं. पलीकडे कॅल्क्युलेटरची टकटक ऐकू आली.

"आबासाहेब, तेरा टक्के कमी घेतलेत. माझ्यापेक्षा एक जास्त."

"माहीत आहे."

"मग दिलीत कशी?"

"त्याने मला विचारलं," मी म्हटलं, आणि पुतण्याला जेवायला वाढायला सांगितलं.